पडद्यावरचे यंत्रमल्ल आणि वस्तादाचे काम

शॉन लेव्ही यांनी दिग्दर्शित केलेला ‘रिअल स्टील’ हा २०११ सालचा अमेरिकी चित्रपट यंत्रमानवांच्या मुष्टियुद्धावर बेतलेला आहे, आणि तो मुलांसह पाहण्याचा कौटुंबिक चित्रपट म्हणून ओळखला जात असला तरी त्याच्याविषयी जाणत्या मराठी प्रेक्षकांकडून ऐकू येणारे मत बहुधा प्रतिकूलच असते. लोखंडाने लोखंड फोडण्याचा हा देखावा मुलांच्या मनात विध्वंसाची आवड रुजवतो, असे काही पालक आणि शिक्षक म्हणतात. त्यात विज्ञान नावापुरतेच आहे, असे विज्ञानकथेचे चाहते म्हणतात. आणि ज्यांना कामगारांच्या प्रश्नांची आस्था आहे ते असे म्हणतात की, यंत्राने हात रिकामे केलेल्या माणसाला एका विजयाचे गोड स्वप्न दाखवून हा चित्रपट खऱ्या प्रश्नावरून लक्ष उडवतो. यांपैकी शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्याच्या संदर्भात दिले पाहिजे, कारण अंगातले कौशल्य निरुपयोगी ठरले म्हणजे माणसाचे काय होते, हा या चित्रपटाचा खरा विषय त्या पट्ट्याने दोन पिढ्या प्रत्यक्ष अनुभवलेला आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात आठवून पाहिले की पहिल्या आक्षेपाचा पाया किती कच्चा आहे हे दिसू लागते. कथेतील काळ २०२० सालचा आहे; माणसांच्या मुष्टियुद्धाला प्रेक्षक उरलेला नाही, रिंगणात आता माणसापेक्षा उंच यंत्रे उतरतात, आणि चार्ली केंटन हा एकेकाळचा मुष्टियोद्धा जुनी, मोडकी यंत्रे घेऊन जत्रांमधून फिरत कर्जात बुडालेला आहे. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाची, मॅक्सची, आई वारल्यावर हा बाप मुलाचा ताबा मावशीकडे देण्याच्या बदल्यात तिच्या श्रीमंत नवऱ्याकडून एक लाख डॉलर ठरवून घेतो, आणि एका उन्हाळ्यापुरता मुलगा त्याच्या गळ्यात पडतो. पुढे भंगाराच्या आवारात मॅक्सला चिखलात गाडलेला ‘अ‍ॅटम’ सापडतो. हे जुन्या पिढीतले सराव यंत्र आहे, म्हणजे इतर यंत्रांचे ठोसे सोसण्यासाठीच बांधलेले. परंतु त्याच्यात समोरच्या माणसाच्या हालचाली पाहून तशाच हालचाली करण्याची सोय आहे, जिला चित्रपटात ‘शॅडो फंक्शन’ म्हटले आहे.

या चित्रपटात यंत्रे फुटतात हे खरे, पण ती कशामुळे फुटतात याकडे आक्षेपकांनी लक्ष दिलेले नाही. पहिले यंत्र, ‘अ‍ॅम्बुश’, जत्रेत बैलासमोर उभे केले जाते आणि चार्लीचे लक्ष क्षणभर दुसरीकडे वळल्यामुळे बैल ते फोडून टाकतो. दुसरे, ‘नॉइझी बॉय’, एकेकाळचे नामांकित यंत्र आहे. मुलगा ते नीट शिकून घेऊ असे सांगत असताना बाप घाईने, त्याचे आदेश पुरते न शिकता, ते मोठ्या लढतीत उतरवतो आणि त्याचे तुकडे घेऊन परततो. म्हणजे चित्रपटाच्या पूर्वार्धातला विध्वंस हा पराक्रम म्हणून मांडलेलाच नाही. तो बेपर्वाईचा आणि अहंकाराचा परिणाम आहे, आणि त्याचा हिशेब एक मूल डोळ्यांदेखत मांडते आहे. उत्तरार्धात मात्र धुणे, उघडणे, जोडणे, एका मोडक्या यंत्राचा आवाज ओळखणारा भाग काढून दुसऱ्यात बसवणे, सराव घेणे आणि चुका दुरुस्त करणे, यांना लढतींच्या बरोबरीने जागा दिलेली आहे. शिवाय शेवटच्या सामन्यात अ‍ॅटम जिंकत नाही. ‘झ्यूस’ हे अजिंक्य यंत्र पंचांच्या गुणांवर विजयी ठरते. मुलांसाठी काढलेल्या आणि जगभर विकल्या जाणाऱ्या चित्रपटाने नायकाच्या पदरी अधिकृत पराभव टाकावा, ही गोष्ट हिंसेचे उदात्तीकरण म्हणून त्याला झिडकारणाऱ्यांनी किमान नोंदवायला हवी होती.

या आक्षेपाला दुसरे उत्तर पवईत मिळते. १९९८ साली सुरू झालेल्या आयआयटी मुंबईच्या टेकफेस्ट या महोत्सवात रोबोवॉर्स या नावाने यंत्रांच्या झुंजी होतात, आणि ठाणे-कल्याण परिसरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना या झुंजी अगदी हाताशी आहेत. येथील यंत्रे चित्रपटासारखी दोन पायांची नसतात. प्रत्येक यंत्र म्हणजे चाकांवर धावणारी बसकी लोखंडी पेटी असते आणि तिच्या तोंडाशी मिनिटाला हजारो फेरे घेणारा पोलादी ढोल किंवा पट्टी बसवलेली असते, जिला खेळाडू ‘स्पिनर’ म्हणतात. झुंज जाड पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भिंतींआड चालते, आणि ‘फेलसेफ’ म्हणजे रेडिओ संदेश तुटताच शस्त्र आणि चाके आपोआप थांबवणारी सोय नसेल तर यंत्राला रिंगणात प्रवेशच मिळत नाही. परंतु ज्याला या खेळातून मूल काय शिकते हे पाहायचे असेल त्याने रिंगणापेक्षा दोन झुंजींमधल्या दुरुस्तीच्या टेबलापाशी उभे राहावे. तेथे एक जण वाकलेला शाफ्ट हातोडीने न ठोकता काढण्याच्या खटपटीत असतो, दुसरा फुगलेली लिथियम बॅटरी वाळूच्या बादलीत ठेवत असतो, तिसरा तुटलेल्या दाताकडे बघून पोलाद योग्य प्रतीचे होते पण त्याला पाणी चुकीचे दिले गेले, म्हणजे तापवून थंड करण्याची प्रक्रिया बिघडली, असे सांगत असतो; आणि हे सगळे पुढच्या झुंजीची हाक येण्याआधी उरकायचे असते. ज्या वस्तूवर महिनोन्‌महिने कष्ट केले ती डोळ्यांसमोर मोडली जाणे आणि ती पुन्हा उभी करणे, यातून पदार्थाचा स्वभाव जितका कळतो तितका तो वर्गातल्या फळ्यावरून कळत नाही. या मुलांना विध्वंसाची चटक लागते असे म्हणणाऱ्याने त्यांच्या हातांवरचे भाजल्याचे आणि कापल्याचे वण पाहावेत. ते सगळे बांधताना झालेले असतात.

चित्रपटात विज्ञान नाही, हा आक्षेप मराठीत विशेष जोराने येतो आणि त्याचे कारण सन्माननीय आहे. मराठी विज्ञानकथेने स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून जयंत नारळीकरांनी जी वाट रुळवली, तीत कल्पना कितीही दूरची असली तरी ती ज्ञात विज्ञानाशी प्रामाणिक असावी अशी अपेक्षा असते; त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही माणसाने बांधलेल्या बुद्धिमान यंत्राचा धोका विचारपूर्वक मांडला आहे. या निकषावर ‘रिअल स्टील’ घासून पाहिला तर काही ठिकाणी तो उणा पडतो. वर्षानुवर्षे चिखलात पडलेले यंत्र थोड्या सफाईनंतर उभे राहते, एवढ्या वजनाच्या यंत्राला ठोसे खाऊन दोन पायांवर तोल सावरणे किती अवघड आहे याचा उल्लेखही येत नाही, आणि ऊर्जेचा प्रश्न शेवटच्या फेरीपर्यंत कोणालाच पडत नाही. हे दोष मान्य करावेत.

परंतु ज्या एका गृहीतावर ही कथा उभी आहे, ते गृहीत भक्कम आहे. माणसाची हालचाल दुसऱ्या यांत्रिक अंगाने जशीच्या तशी करावी, ही कल्पना १९४० च्या दशकाच्या अखेरीस रेमंड गोएर्ट्झ यांनी अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी प्रत्यक्षात आणली. जाड काचेच्या अलीकडे माणूस हात हलवतो आणि पलीकडचा यांत्रिक हात तीच हालचाल करतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही याच तत्त्वावर चालणारे यांत्रिक हात विकसित केले आहेत, आणि आज शल्यचिकित्सक दुर्बिणीतून पाहत ज्या यंत्राकरवी शस्त्रक्रिया करतात त्याचेही मूळ तेच आहे. इतकेच नव्हे, तर चित्रपटाची निर्मितीच या तत्त्वावर झाली आहे. पडद्यावरचे यंत्रमानव ‘मोशन कॅप्चर’ने लढवले गेले, म्हणजे अंगावर खुणांचे पोशाख घातलेल्या योद्ध्यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपून त्या संगणकातील यंत्रांच्या अंगी उतरवल्या, आणि ठोशांची शैली घडवण्यासाठी शुगर रे लेनर्ड या नामवंत मुष्टियोद्ध्याचे मार्गदर्शन घेतले. जिथे मुलाला यंत्राचा हात धरायचा होता तिथे लेगसी इफेक्ट्स या कार्यशाळेने पूर्ण आकाराची हलणारी यंत्रे बांधून दिली. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या ज्या प्रेक्षकाने पाहिल्या आहेत त्याला समोर खरी वस्तू असली की नटाच्या नजरेत काय फरक पडतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

कल्पनेला वास्तवाने गाठण्यासही फार वेळ लागला नाही. मे २०२५ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे युनिट्री या कंपनीच्या जी-१ जातीच्या दोन पायांच्या यंत्रमानवांची मुष्टियुद्ध स्पर्धा झाली. सुमारे १३२ सेंटिमीटर उंचीची आणि ३५ किलो वजनाची ती यंत्रे चित्रपटातल्यासारखी प्रचंड नव्हती आणि ठोसा हुकला की धडपडतही होती, पण त्यांचे डावपेच खऱ्या लढवय्यांच्या टिपलेल्या हालचालींवरून शिकवलेले होते आणि रिंगणाबाहेर उभी असलेली माणसे त्यांना चालवत होती. १४ वर्षांपूर्वीच्या कौटुंबिक चित्रपटाने यंत्र आणि माणूस यांच्यातले जे नाते कल्पिले, ते वास्तवात तसेच उतरले. विज्ञानकथेकडून याहून अधिक काय मागावे, हे आक्षेपकांनी सांगायला हवे.

हा सगळा परदेशी मामला आहे, आपल्याकडच्या मुलांना त्याचे काय, अशी एक तक्रार जाता जाता केली जाते आणि तिला थोडक्यात उत्तर पुरे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची यंत्रस्पर्धा २००८ साली पुण्यात भरली तेव्हा तिचा विषयच गोविंदा आणि दहीहंडी यांवर बेतलेला होता, आणि ज्या ठाण्यात नऊ थरांच्या हंड्या लागतात तेथील प्रेक्षकाला मानवी मनोऱ्याचा तोल यंत्रांना कसा शिकवावा, हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. चित्रपटातला टॅलेट यांचा आखाडा, जिथे वडिलांच्या माघारी मुलगी ती जागा सांभाळते आहे आणि भिंतींवर जुन्या लढतींची चित्रे लटकत आहेत, तो मराठी माणसाला तालमीच्या ओळखीने लगेच कळतो. तालमीत ज्याचे लढणे संपले तो मल्ल निरुपयोगी होत नाही. तो हौद्याच्या कडेला बसतो, पोरांची पकड कुठे सुटते ते पाहतो, उठून स्वतःच्या अंगाने डाव दाखवतो आणि वस्ताद होतो. शेवटच्या फेरीत आवाजाने आदेश देण्याची यंत्रणा बंद पडते, चार्ली रिंगणाच्या कडेला उभा राहून हवेत ठोसे मारू लागतो आणि अ‍ॅटम त्याच्याकडे पाहून लढतो, तेव्हा पडद्यावर तालमीतलेच काम चाललेले असते. त्याच वेळी झ्यूसची, म्हणजे लढता लढता शिकणाऱ्या त्या स्वयंचलित यंत्राची, शक्ती ओसरते आणि त्याचा रचनाकार माशिदो यालाही स्वतः हाताने त्याला चालवावे लागते. दोन्ही कोपऱ्यांत अखेर माणसेच उभी राहतात.

आता त्या गंभीर आक्षेपाकडे यावे. या चित्रपटाचे बीज रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५६ सालच्या ‘स्टील’ या कथेत आहे. १९६३ साली ‘ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेत ली मार्विन यांनी तिच्यातील नायक साकारला. मूळ कथेत जुने यंत्र ऐन वेळी निकामी होते, पैशाची निकड असलेला माजी मुष्टियोद्धा स्वतः यंत्राच्या वेषात रिंगणात उतरतो, मार खातो, हरतो आणि ठरलेली पूर्ण रक्कमही त्याच्या हाती पडत नाही. माणसाला यंत्र बनून यंत्राचा मार खावा लागतो, हे त्या कथेचे निर्दय सत्य आहे आणि २०११ च्या चित्रपटाने ते पातळ करून सोडले, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असे की चित्रपट निश्चितच अधिक दयाळू आहे. तथापि त्याने प्रश्न टाळला नसून बदलला आहे. मॅथेसन यांची कथा विचारते की यंत्र आल्यावर श्रमिकाच्या शरीराचे काय होणार. चित्रपट विचारतो की त्या शरीरात साठलेल्या जाणकारीचे काय होणार. चार्लीला त्याचा धंदा परत मिळत नाही, माणसांचे मुष्टियुद्ध परत सुरू होत नाही, अजिंक्यपदही मिळत नाही. त्याला परत मिळते ते इतकेच की त्याला जे येते ते कोणाच्या तरी कामी येते. हे स्वप्नरंजन नव्हे. ही फार माफक मागणी आहे, आणि ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तीही पुरी झालेली नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक होय. पुढे डोंबिवलीची वसाहत उभी राहिली, कल्याणजवळ मोहोन्याला नॅशनल रेयॉनचा कारखाना चालत होता, कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ मोटारी बांधल्या जात होत्या. या कारखान्यांनी टर्नर, फिटर, मिलराइट, साचे घडवणारे कारागीर अशी एक पिढी घडवली, जिच्या बोटांना मायक्रोमीटर लावण्याआधीच माप कळत असे. ठाण्याची रेमंड गिरणी २००९ साली बंद झाली, मोहोन्याचा कारखानाही त्याच वर्षी थांबला, प्रीमियरच्या मोटारी त्याआधीच इतिहासजमा झाल्या होत्या. माजिवड्याला गोल्डन डाइज नाका आहे, पण त्या नावाचा कारखाना आता नाही. कारखाने बंद पडण्याची कारणे निरनिराळी होती. जमिनीचे भाव, व्यवस्थापनाचे निर्णय, मालाची बदललेली बाजारपेठ हे सगळे त्यांत आले, आणि त्याचा दोष एकट्या यंत्रमानवाच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. पण चार्लीचे हातही केवळ यंत्रामुळे रिकामे झालेले नाहीत. प्रेक्षकांची आवड बदलली आणि पैसा दुसरीकडे वळला म्हणून ते रिकामे झाले. कारण कोणतेही असो, जाणकारी अंगात घेऊन माणूस घरी बसतो, ही अवस्था दोन्हीकडे एकच आहे.

याच शहरांतील शाळांतून आज यंत्रमानवशास्त्राचे वर्ग भरतात. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने वस्तू बनवण्याच्या प्रयोगशाळेसाठी, २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आखली, आणि खाजगी वर्गांचीही कमतरता नाही. मुलाच्या हाती तयार संच येतो, त्यातले भाग ठरल्या जागी बसतात, संगणकावर ठोकळे जुळवून आज्ञावली बनते आणि गाडी काळ्या पट्टीवरून चालते. या शिक्षणात वावगे काही नाही. पण जिथे सगळे भाग एकमेकांत बसण्यासाठीच बनवलेले असतात, तिथे न बसणारा भाग बसवण्याची विद्या शिकता येत नाही, आणि यंत्रविद्येचा बहुतांश भाग तीच विद्या आहे. मॅक्सच्या हाती संच नव्हता. भंगारातून ओढून काढलेले, अर्धवट कळलेले, दुसऱ्याच कामासाठी बांधलेले यंत्र होते. शीळ-डायघरच्या भंगार गोदामांपासून डोंबिवलीच्या शाळा काही मैलांवर आहेत, आणि जुनी वायपर मोटर, सायकलची साखळी, पिठाच्या गिरणीचा पट्टा यांतून यंत्र उभे करणारी मुले या परिसरात नाहीत असे मुळीच नाही. उणीव आहे ती त्यांच्या शेजारी उभे राहून ‘हे बेअरिंग असे ठोकू नकोस, बाहेरच्या कड्यावर दाब दे’ असे सांगणाऱ्या माणसाची.

तो माणूस वागळे इस्टेटच्या आसपास, कळव्यात, मोहोन्यात, डोंबिवली पूर्वेला निवृत्तीच्या घरात आहे. अटल मिशनने २०१७ साली स्वयंसेवी मार्गदर्शकांची योजना सुरू केली, पण मार्गदर्शक म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो सॉफ्टवेअर कंपनीतला तरुण अधिकारी, चाळीस वर्षे लेथवर उभा राहिलेला टर्नर नव्हे. त्याला आज्ञावली लिहिता येत नाही, इंग्रजीत सादरीकरण करता येत नाही, तेव्हा तो काय शिकवणार, असा प्रश्न शाळा विचारतील. त्याला उत्तर पवईच्या टेबलावर मिळते. तेथे झुंज हरलेले यंत्र उघडले की अनेकदा आज्ञावलीत काहीच चुकलेले नसते. ढिला राहिलेला बोल्ट, चुकीच्या बाजूने घातलेले वॉशर, वेल्डिंगच्या टाक्याशेजारी ठिसूळ झालेले पोलाद, एक-दशांश मिलिमीटर जास्त सैल सोडलेले बेअरिंग, अशा गोष्टींनी ते मेलेले असते. यातली प्रत्येक गोष्ट त्या निवृत्त फिटरला यंत्र सुरू करण्याआधी, नुसते हाताने फिरवून, कळली असती.